संदेशवहनाची नोंदवही

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक विलक्षण प्रकार घडला. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील अंतर अवघे ४०० यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. दोन्ही ठिकाणचे संगणक जाळ्याने जोडलेले होते व त्यांच्यात सेकंदाला ३२ हजार बिट या वेगाने माहितीची ने-आण होत असे. तो वेग एकाएकी सेकंदाला ४० बिटांवर आला. इंग्रजी दोन हजार अक्षरांचे एक पान एरव्ही अर्ध्या सेकंदात पोचत असे. त्याला आता साडेसहा मिनिटांहून अधिक वेळ लागू शकत होता. तेच पान हातात घेऊन एखादा शिपाई चालत गेला असता, तर तो त्याआधी पोचला असता.

हा प्रकार जाळ्यावरील कोंडीचा होता. पाठविलेल्या पॅकेटची, म्हणजे संदेशाच्या तुकड्याची, पोच वेळेत आली नाही की पाठविणारा संगणक ते हरवले असे समजून पुन्हा पाठवीत असे. वाट आधीच भरलेली. त्यात ही दुबार पाठवणी. त्यामुळे पोच आणखी लांबत असे आणि आणखी पॅकेटे पुन्हा पाठविली जात. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी या दोषाचा छडा लावला आणि कोंडी टाळण्याच्या ज्या रीती त्यांतून निघाल्या, त्यांवर इंटरनेटचे दळणवळण पुढे अनेक वर्षे चालले. जेकबसन यांचा १९८८ मधील निबंध पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यातील आलेखांत आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पॅकेटचा क्रमांक आणि प्रत्येक पॅकेटसाठी एक ठिपका आहे. कोणते पॅकेट केव्हा निघाले आणि कोणते दुसऱ्यांदा निघाले, हे त्या ठिपक्यांवरून कोणासही दिसते. दोष सापडला तो या नोंदींच्या आधारे.

उघडा लिफाफा

अशा नोंदी घेणे त्या काळी सोपे होते. संगणकांनी परस्परांशी बोलताना पाळावयाच्या नियमावलीस प्रोटोकॉल म्हणतात. इंटरनेटवरील बहुतेक व्यवहार ज्या टीसीपी नावाच्या प्रोटोकॉलने चालत, त्याची मूळ कल्पना विंट सर्फ व बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडली होती आणि १९८१ मध्ये ती प्रमाणरूपात प्रसिद्ध झाली. टीसीपीचे पॅकेट हे उघड्या लिफाफ्यासारखे असते. क्रमांक, पोच, आणखी किती माहिती स्वीकारता येईल याचा आकडा, हे सारे वरच लिहिलेले असते. वाटेत कोठेही उभे राहून ते वाचता येते. त्याच लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास टीसीपीडंप ही आज्ञावली तयार झाली. पुढे १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी जी आज्ञावली प्रसिद्ध केली, ती २००६ पासून वायरशार्क या नावाने जगभर वापरात आली. दोहोंचे काम एकच : वाटेवर बसून येणारी-जाणारी पॅकेटे टिपणे आणि लिफाफ्यावरील मजकूर वाचून दाखविणे.

म्हणजे संदेश पाठविणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही, तरी चालत असे. तिऱ्हाइताला सर्व काही दिसत होते. नेमक्या याच सोयीमुळे नोंदवहीचा विचार फारसा कोणी केला नाही.

लिफाफा बंद झाला

तिऱ्हाइताला दिसणे ही सोय आहे, तसा तो धोकाही आहे. दोषशोधकाला जे वाचता येते, ते पाळत ठेवणाऱ्यालाही वाचता येते. मे २०१४ मध्ये इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या प्रमाणे ठरविणाऱ्या संस्थेने सरसकट पाळत हा जाळ्यावरील हल्लाच मानावा, असे आपल्या एका दस्तऐवजात नमूद केले. त्या सुमारास क्विक हा नवा प्रोटोकॉल आकार घेत होता. गूगलमध्ये जिम रॉस्किंड यांनी त्याची प्रथम रचना केली व २०१३ मध्ये तो जाहीर झाला. २०१६ मध्ये टास्क फोर्सचा कार्यगट त्यासाठी स्थापन झाला, मे २०२१ मध्ये क्विकचे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि त्यावर आधारलेला एचटीटीपी-३ हा वेबचा प्रोटोकॉल जून २०२२ मध्ये प्रमाण म्हणून आला.

क्विकने लिफाफा जवळजवळ पूर्ण बंद केला. मजकूर तर कूटबद्ध असतोच. शिवाय पॅकेटचा क्रमांक आणि पोचपावत्याही झाकलेल्या असतात. वाटेवरच्या निरीक्षकास पॅकेट केव्हा गेले आणि ते केवढे होते, याहून फारसे काही कळत नाही. जाळे सांभाळणाऱ्या कंपन्यांनी याविषयी चिंता व्यक्त केली. बऱ्याच वादानंतर एका बिटाची सवलत मिळाली. हा बिट आलटून पालटून शून्य व एक होत राहतो व त्यावरून संदेशास जाऊन येण्यास किती वेळ लागतो, याचा अंदाज करता येतो. तोही ऐच्छिक आहे. इतकेच नव्हे, जेथे तो वापरला जातो तेथेही दर सोळा मार्गांपैकी निदान एकावर तो बंद ठेवावा असा दंडक आहे. टीसीपीच्या उघड्या लिफाफ्यावरून थेट एका बिटावर आलेल्या दोषशोधकाची अडचण यावरून लक्षात यावी.

दोन अपुरे मार्ग

अडचणीतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग ताबडतोब सुचले. पहिला, कूटलेखनाची किल्ली दोषशोधकाच्या हाती देणे. प्रयोगशाळेत हे चालते व वायरशार्कमध्ये त्याची सोयही आहे. पण किल्लीने लिफाफा उघडला की आतील पत्रही उघडते. वापरकर्त्याचे संकेतशब्द, त्याने भरलेले अर्ज, त्याच्या बँकेचा व्यवहार, सारेच. एका विलंबाचे कारण शोधण्यासाठी इतके उघडे करणे कोणत्याही जबाबदार व्यवस्थेस परवडणारे नाही. याखेरीज एक मूलभूत उणीव राहते. पॅकेट उघडून वाचले तरी त्यात फक्त जे पाठविले गेले तेच सापडते. जे पाठविले गेले नाही, ते का पाठविले गेले नाही? एखादे पॅकेट हरवले असे संगणकाने कोणत्या कारणाने ठरविले? ही उत्तरे तारेवर कधीच नसतात. ती संगणकाच्या स्मृतीत असतात.

दुसरा मार्ग, प्रत्येक आज्ञावलीने आपली टिपणे आपण लिहिणे. ही रीत जुनी आहे. बर्कले येथेच १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल आज्ञावलीसाठी सिसलॉग ही नोंदपद्धती तयार केली आणि ती सर्वत्र पसरली. तीत नोंदीच्या गांभीर्याच्या आठ पायऱ्या ठरलेल्या होत्या, पण मुख्य मजकूर मात्र ज्याला जसा सुचेल तसा. एक आज्ञावली ‘पॅकेट गेले’ लिहील, दुसरी ‘पाठवणी पूर्ण’ लिहील, तिसरी केवळ एक सांकेतिक आकडा. माणूस त्यांतून अर्थ काढू शकतो. हजारो ओळींतून यंत्राने तो काढावा म्हटले तर प्रत्येक आज्ञावलीसाठी वेगळा दुभाषी नेमावा लागतो. सिसलॉगची रीत २००१ मध्ये लिहून काढण्यात आली आणि २००९ च्या सुधारित प्रमाणात रचनाबद्ध माहितीसाठी जागा दिली गेली, परंतु त्या जागेत संदेशवहनाच्या कोणत्या घटना कोणत्या नावाने लिहावयाच्या, हे ठरविणे त्या प्रमाणाचे कामच नव्हते.

क्विकच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवली, कारण एकाच वेळी अनेक देशांतील व कंपन्यांतील गट त्याच्या आज्ञावल्या लिहीत होते. एकाची आज्ञावली दुसऱ्याच्या आज्ञावलीशी बोलताना अडखळली, तर दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी दोन्ही बाजूंची टिपणे शेजारी ठेवणे आवश्यक होते. ती शेजारी ठेवता येत होती, पण ताडून पाहता येत नव्हती.

आवक आणि जावक

बेल्जियममधील हॅसेल्ट विद्यापीठात रॉबिन मार्क्स व त्यांचे सहकारी क्विकची ‘क्विकर’ नावाची स्वतःची आज्ञावली तयार करीत होते. तीतील दोष शोधताना आलेल्या अनुभवावरून त्यांनी २०१८ मध्ये एक निबंध सादर केला व सर्व आज्ञावल्यांसाठी एकच रचनाबद्ध नोंदपद्धती सुचविली. तिचे नाव क्यूलॉग.

तिची मूळ कल्पना कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीइतकी साधी आहे. पाठविणारा आपली जावक नोंदवही ठेवतो, घेणारा आपली आवक नोंदवही ठेवतो. दोघांचे रकाने सारखे असले की दोन्ही वह्या शेजारी ठेवून कोणता कागद निघाला पण पोचला नाही, हे कोणताही कारकून सांगू शकतो. क्यूलॉगमधील प्रत्येक नोंदीस तीन अंगे असतात : वेळ, घटनेचे नाव आणि तपशील. वेळ मिलिसेकंदात लिहिली जाते. घटनेची नावे ठरलेली आहेत. पॅकेट गेले, पॅकेट आले, पॅकेट टाकून दिले, पॅकेट हरवले असे मानले, जोडणीची अवस्था बदलली, मार्गाविषयीचे अंदाज बदलले, अशी ती आहेत. वहीच्या आरंभी ती कोणाच्या बाजूने लिहिलेली आहे याची नोंद असते. मागणी करणाऱ्या संगणकाची, सेवा देणाऱ्या सर्व्हरची की वाटेवरच्या निरीक्षकाची? हा खुलासा नसेल तर एकाची जावक ती दुसऱ्याची आवक असल्याने सारा अर्थच उलटा होईल. एकाच जोडणीच्या दोन्ही बाजूंच्या वह्या ओळखता याव्यात म्हणून जोडणीचा आरंभीचा ओळखक्रमांक दोघांनीही वापरावयाचा असतो.

कारणासाठी असलेला रकाना विशेष महत्त्वाचा आहे. पॅकेट टाकून दिले, एवढेच लिहून भागत नाही. ते दुबार आले होते, उलगडता आले नाही, की ते उघडण्याची किल्लीच अद्याप हाती आली नव्हती, हे ठरलेल्या शब्दांत लिहावयाचे असते. तसेच हरवलेल्या पॅकेटचे. क्विकमध्ये एखाद्या पॅकेटनंतर पाठविलेले तिसरे किंवा त्यापुढचे पॅकेट पोचल्याची पावती आली आणि याची मात्र आली नाही, तर ते हरवले असे मानण्याची मुभा आहे. ठराविक वेळ उलटल्यासही तसे मानता येते. दोहोंपैकी कोणते कारण लागू झाले, हे नोंदीत असल्याशिवाय निर्णय बरोबर होता की उतावीळपणाचा, हे नंतर कोणासही सांगता येत नाही.

एका विलंबाचा शोध

या पद्धतीचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील वेळा समजुतीसाठी घेतलेल्या आहेत. नियम मात्र प्रत्यक्ष प्रमाणातील आहेत.

समजा, एका संकेतस्थळाचे पान उघडण्यास नेहमीपेक्षा विलंब लागतो अशी तक्रार आहे. संदेश एका बाजूने जाण्यास ५० मिलिसेकंद लागतात. मागणी करणाऱ्या संगणकाच्या वहीत पहिली नोंद : शून्य मिलिसेकंदाला १,२०० बाइटचे पॅकेट पाठविले. पुढची नोंद : १०१ व्या मिलिसेकंदाला उत्तराची तीन पॅकेटे आली. १०२ ला त्यांची पोच पाठविली. मग दीर्घ शांतता. उत्तराचा उरलेला भाग येतो तो २०३ व्या मिलिसेकंदाला. वाटेवर बसलेल्या निरीक्षकासही हीच शांतता दिसेल. पण ती कशामुळे? सर्व्हर दुसऱ्या कामात गुंतला होता काय? पॅकेटे हरवली काय? जोडणी अपुरी आहे काय? यातील प्रत्येक तर्क बाहेरून सारखाच पटण्याजोगा आहे आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा आहे.

आता सर्व्हरची वही उघडावी. मागणी पोचल्यावर एका मिलिसेकंदात त्याने १,२०० बाइटची तीन पॅकेटे पाठविली आणि तो थांबला. त्याच्या वहीत १०१ मिलिसेकंद काहीही जावक नाही. त्यानंतर समोरच्या संगणकाचे पॅकेट आल्याची नोंद आहे, लगेच जोडणीची अवस्था ‘समोरच्याची खातरजमा झाली’ अशी बदलल्याची नोंद आहे, आणि त्यापाठोपाठ उर्वरित भाग निघाल्याची. उलगडा येथे होतो. क्विकच्या प्रमाणात असा नियम आहे की, समोरच्याच्या पत्त्याची खातरजमा होईपर्यंत सर्व्हरने मिळालेल्या माहितीच्या तिपटीहून अधिक माहिती पाठवू नये. कोणी दुसऱ्याच्या खोट्या पत्त्यावरून लहानशी मागणी करील आणि सर्व्हरकडून त्या निरपराध पत्त्यावर माहितीचा लोंढा सोडवील, या गैरप्रकारास आळा घालण्यासाठी हा नियम केला गेला. १,२०० ची तिप्पट ३,६००. सर्व्हरने आपली ओळख पटविण्यासाठी जोडलेली प्रमाणपत्रे मोठी होती, ती ३,६०० बाइटांत मावली नाहीत, म्हणून तो नियमाप्रमाणे पोच येईपर्यंत थांबला.

दोष ना वाटेचा, ना यंत्राच्या शक्तीचा. अधिक वेगाची जोडणी विकत घेतली असती तरी ही एक फेरी वाचली नसती. प्रमाणपत्रांची साखळी आटोपशीर करणे किंवा ती दाबून लहान करणे हा उपाय आहे आणि त्यास जवळजवळ खर्च नाही. असा निदानाचा मार्ग केवळ पॅकेटे टिपून सापडणे कठीण. कारण येथे अर्थ आहे तो न पाठविलेल्या पॅकेटांत.

शेरा आणि नवा रकाना

येथवर वर्णन केलेली वही कोणीही आखू शकेल. खरी कसोटी पुढे आहे. प्रोटोकॉल बदलत राहतात. आज आखलेले रकाने उद्याच्या घटनेस पुरणार नाहीत. मग वही कशी आखावी?

शासकीय नोंदवह्यांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना याचे एक उत्तर ठाऊक आहे. प्रत्येक वहीच्या उजव्या कडेला ‘शेरा’ हा रकाना असतो. जे कोठेच बसत नाही ते शेऱ्यात जाते. ही सोय अत्यंत उपयुक्त आहे यात शंका नाही, परंतु शेऱ्यात गेलेली माहिती मोजता येत नाही. एका गावच्या वहीत ‘विहीर आटली’ आणि दुसऱ्या गावच्या वहीत ‘पाणी नाही’ असे असेल, तर तालुक्याच्या गोषवाऱ्यात त्या दोन ओळी कधीच एकत्र येत नाहीत. सिसलॉगची गत हीच झाली होती. तेथे सारी वहीच शेऱ्याची होती. याउलट शेऱ्याचा रकानाच नसेल तर लिहिणारा नवी घटना जुन्या रकान्यात कोंबतो, आणि तो जुना रकानाही बिघडतो.

क्यूलॉगने तिसरा मार्ग स्वीकारला. जे सर्व प्रोटोकॉलांना समान आहे, म्हणजे वहीची बांधणी, वेळेची रीत, बाजू कोणती याचा खुलासा, ते एका मुख्य दस्तऐवजात ठेवले. क्विकच्या घटनांची यादी दुसऱ्या दस्तऐवजात व एचटीटीपी-३ च्या घटनांची यादी तिसऱ्यात. उद्या आणखी एखादा प्रोटोकॉल आला, तर मुख्य दस्तऐवजास हात न लावता त्याची यादी चौथ्या दस्तऐवजात करता येते. प्रत्येक यादीस स्वतःचा असा एकमेव ओळखपत्ता असतो आणि घटनेच्या नावाआधी यादीचे नाव लिहावयाचे असते. त्यामुळे ‘पॅकेट गेले’ हे क्विकचे आणि दुसऱ्या एखाद्या प्रोटोकॉलचेही असले तरी घोटाळा होत नाही. जुन्या यादीतील घटनेस नवा तपशील जोडण्यासाठीही ठराविक जागा राखून ठेवल्या आहेत. रचनेच्या ज्या औपचारिक भाषेत हे दस्तऐवज लिहिले गेले तीत या जागांना सॉकेट म्हणतात, आणि भिंतीतील विजेच्या सॉकेटप्रमाणेच त्यांचा उपयोग आहे.

दुसरी अट वाचणाऱ्यावर आहे. अनोळखी घटना किंवा अनोळखी रकाना दिसला, तर वाचणाऱ्या आज्ञावलीने अडून बसू नये. तेवढे वगळून पुढे वाचावे. लिहिणाऱ्यास मोकळीक देऊन वाचणाऱ्यास सहनशील केल्याखेरीज विस्तारक्षमता प्रत्यक्षात येत नाही. याची किंमतही आहे. अनोळखी ते वगळत गेल्यास एखाद्या रकान्याच्या नावातील साधी लेखनचूकही अनोळखी म्हणून गुपचूप वगळली जाईल आणि कोणाच्या ध्यानात येणार नाही. म्हणून नोंदी औपचारिक रचनेशी ताडून पाहणारी वेगळी तपासणी लागतेच.

सर्वांनी सर्व लिहावे असाही आग्रह नाही. घटनांचे महत्त्वानुसार तीन स्तर केले आहेत : गाभ्याच्या घटना, ज्या जवळजवळ प्रत्येक वहीत असाव्यात, पायाभूत घटना, ज्या उपयुक्त आहेत पण कधी इतर नोंदींवरून काढताही येतात, आणि जादा घटना, ज्या बहुधा एखाद्या आज्ञावलीच्या अंतर्गत कारभाराच्या असतात. पॅकेट गेले-आले हे गाभ्यात मोडते. दर सेकंदाला हजारो पॅकेटे हाताळणाऱ्या सर्व्हरवर प्रत्येक बारीकसारीक गोष्ट लिहून ठेवणे म्हणजे मूळ कामाहून नोंदीचेच काम वाढविणे होय.

अर्धवट राहिलेले पान

नोंद कोणत्या रूपात साठवावी यावरही बराच खल झाला. यंत्रास सोयीची, आटोपशीर द्विमान रूपे उपलब्ध होती. तरीही जेसन हे मजकुराचे रूप निवडले गेले, कारण ते माणसास डोळ्यांनी वाचता येते आणि जवळजवळ प्रत्येक संगणकभाषेत ते हाताळण्याची साधने तयार आहेत. त्यासाठी अधिक जागा लागते हे मान्य करूनच हा निर्णय झाला. आरंभीच्या मसुद्यांत जागा वाचविण्यासाठी रकान्यांची नावे एकदाच वर लिहून खाली केवळ मूल्ये ओळीने लिहिण्याची युक्ती होती, अगदी आपल्या वह्यांतील तक्त्यांसारखी. पुढे ती सोडून देण्यात आली आणि प्रत्येक नोंदीत प्रत्येक मूल्यासोबत त्याचे नाव लिहिण्याची रीत आली. एकच नाव हजार वेळा लिहिलेली फाइल दाबून लहान करता येते. रकाना एका घराने सरकून झालेला घोटाळा मात्र निस्तरणे कठीण असते.

जेसनची एक खोड मात्र त्रासदायक ठरली. या रूपातील दस्तऐवजास शेवटचा कंस लागतो. तो नसेल तर काटेकोर वाचकाच्या दृष्टीने सारा दस्तऐवजच अग्राह्य. आता नोंदवहीची सर्वांत अधिक गरज केव्हा भासते? आज्ञावली मध्येच कोसळते तेव्हा. आणि नेमक्या त्याच वेळी शेवटचा कंस लिहावयास ती जिवंत नसते. म्हणून प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे पूर्ण असेल, तिच्या आधी एक ठराविक विभाजक चिन्ह असेल व शेवटी नवी ओळ असेल, असे दुसरे रूपही ठरविण्यात आले. त्यात शेवटची ओळ अर्धवट राहिली तरी आधीच्या सर्व नोंदी शाबूत राहतात.

मसुद्याकडून प्रमाणाकडे

कागदावरील पद्धत लोकांनी उचलली, याचे बरेचसे श्रेय क्यूव्हिस या साधनसंचास द्यावे लागेल. मार्क्स यांच्या गटाने क्यूलॉगच्या फाइलींवरून चित्रे काढणारा हा संच खुला केला. दोन्ही बाजूंच्या वह्यांवरून पॅकेटांच्या जाण्यायेण्याच्या तिरप्या रेषा तो आखतो. कोंडी-नियंत्रणाचा आलेख काढतो. एका जोडणीवरून अनेक फाइली कशा आळीपाळीने गेल्या ते रंगांनी दाखवितो. आज्ञावली लिहिणाऱ्यांना आपल्या नोंदी ठराविक नमुन्यात केल्या की ही चित्रे आयती मिळू लागली. नमुना पाळण्याचा असा तात्काळ मोबदला मिळाल्याने हुकूम काढण्याची वेळच आली नाही. क्विक-गो, एआयओक्विक, फेसबुकची एमव्हीएफएसटी, क्लाउडफ्लेअरची कीश अशा भिन्न भाषांत लिहिलेल्या आज्ञावल्यांनी तो नमुना स्वीकारला.

त्यामुळे तुलनात्मक अभ्यासही शक्य झाला. हॅसेल्टच्या गटाने २०२० मध्ये क्विकच्या १५ आज्ञावल्यांचे वर्तन तपासले. सर्वांनी एकच प्रमाण वाचले होते, तरी माहितीच्या वाटपाचा क्रम, पॅकेट भरण्याची रीत, ओघ आवरण्याचे धोरण यांत त्या लक्षणीय रीतीने भिन्न होत्या. प्रमाणात जेथे मोकळीक होती तेथे प्रत्येकाने आपला निर्णय घेतला होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात २८ क्विक-तज्ज्ञांची मते घेतलेली आहेत आणि फेसबुकच्या अनुभवावरून ही पद्धत इंटरनेटच्या व्यापावरही टिकते असा निर्वाळा दिलेला आहे. २०२१ मध्ये टास्क फोर्सच्या क्विक कार्यगटाने क्यूलॉगचे तिन्ही मसुदे आपले काम म्हणून हाती घेतले. त्यांच्या संपादनात मार्क्स यांच्यासमवेत लुका निकोलिनी, मार्टेन सीमान व लूकस पार्ड्यू यांचा सहभाग राहिला आहे.

काय लिहू नये

लिफाफा बंद करण्याचे कारण वापरकर्त्याचे खाजगीपण हे होते. नोंदवहीत तेच सारे पुन्हा उघड लिहिले, तर कूटलेखनाचा हेतू मागच्या दाराने निष्फळ होईल. संगणकाचा पत्ता, जोडणीचे ओळखक्रमांक, पाहिलेल्या पानांची नावे, ओळख पटविणारी कुकी, प्रसंगी मजकूरही, हे सारे क्यूलॉगमध्ये लिहिता येणे शक्य आहे. म्हणून मसुद्यांत या विषयास स्वतंत्र प्रकरण आहे. आवश्यक तेवढेच लिहावे, पत्त्यांसारखी माहिती पुसून किंवा बदलून लिहावी, वही कोणी पाहावयाची हे ठरवावे आणि ती किती काळ ठेवावयाची यास मर्यादा घालावी, असा त्याचा रोख आहे. वर दिलेल्या विलंबाच्या उदाहरणात वापरकर्ता कोण, त्याने कोणते पान मागितले, हे एकदाही लागले नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. वेळ, आकार, अवस्था आणि कारण एवढ्यावर निदान झाले.

नोंदी किती काळ ठेवाव्यात, याबाबत सर्व देशांचे उत्तर सारखे नाही. भारतात सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत सेवादात्या कंपन्या, माहिती केंद्रे व शासकीय संघटना यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवसांपर्यंत भारतीय अधिकारक्षेत्रात सुरक्षित ठेवाव्यात असे सांगण्यात आले. तेथे हेतू सायबर गुन्ह्यांच्या तपासाचा आहे, दोषशोधनाचा नव्हे. त्यामुळे एकाच कार्यालयातील दोन वह्यांना दोन निकष लागू शकतात आणि तपासासाठी ठेवावयाची नोंद व दोषशोधनासाठी केलेली सविस्तर नोंद एकाच फाइलीत मिसळल्यास सविस्तर नोंदही विनाकारण सहा महिने पडून राहते.

त्याच निर्देशांत आणखी एक कलम आहे. संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालमापनाशी जुळविलेली असावीत. क्यूलॉगच्या अभ्यासकांना ही अडचण परिचयाची आहे. दोन्ही बाजूंच्या वह्या कितीही नेटक्या असल्या तरी घड्याळे भिन्न असतील, तर पॅकेट निघण्याआधीच पोचले असे दिसू शकते. म्हणून क्यूलॉगमध्ये वेळ ही बहुधा वहीच्या आरंभापासून मोजली जाते आणि मूळ क्षण वेगळा लिहिला जातो. दोन वह्या जोडताना आधी ते मूळ क्षण जुळवून घ्यावे लागतात. वरील उदाहरणात सर्व्हरच्या वहीतील शून्य हे समोरच्या वहीतील पन्नासावे मिलिसेकंद होते.